सव्वा महिना होऊ दे, मग बघू

प्रश्न असा आहे: "माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर होऊन पाच आठवडे झाले. मुलगी झाली. ती माहेरी, आईकडे आहे. सुरुवातीला रडायची, आता रडणंही थांबलंय, नुसती बसून असते. बाळ झोपलं तरी तिला झोप नाही. पाजायला दिलं की पाजते, झालं की लगेच परत करते. परवा मला म्हणाली, 'ताई, हिला तूच ठेव, माझ्याच्याने व्हायचं नाही.' आई म्हणते, बाळंतवात आहे, सव्वा महिना होऊ दे, मग बघू. हे डिप्रेशन असेल का? गोळ्या सुरू केल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागेल का? आणि सासरी सांगायचं का?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. हे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री तिला बघून, तिच्याशी बोलूनच होईल, पण न्यायचं ते याच आठवड्यात. गोळ्या लागल्याच तर बहुतेक वेळा दूध तोडावं लागत नाही. सासरचं शेवटी सांगते, त्याला थोडा विचार लागतो. आणि एक गोष्ट आज रात्रीच करायची आहे, ती मध्ये येईल. तिथपर्यंत वाचल्याशिवाय हे बाजूला ठेवू नका.

तुमच्या आईंवर मी रागावलेली नाही. 'सव्वा महिना होऊ दे' हे मी बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता बाळंतीण समोर आली की मी आधी बोटांवर आठवडे मोजते. आलेली असते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. खोदून विचारलं की सुरुवात निघते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मधले दिवस गेले कुठे? सव्वा महिना घराबाहेर काढायची नव्हती. मग बारसं होतं. मग सासरी पोचवायची होती, 'तिकडे गेली की रमेल' म्हणून. तिकडे गेल्यावर सासूबाईंना वाटलं, माहेरहून आलीये, चार दिवस असंच वाटतं.

बाळंतिणीच्या खोलीला मी नावं ठेवत नाही. तेल लावणारी बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आयतं ताट, हे सगळं मी माझ्या वेळी हौसेने करून घेतलं. (शेगडी आणि धुरी तेवढी नको म्हटलं. बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला चांगला नाही.) पण त्या खोलीत सगळ्यांचं लक्ष असतं तिच्या अंगाकडे आणि बाळाकडे. येणारा-जाणारा बाळ बघतो, हातात नोट ठेवतो, नाक कुणावर गेलंय ते ठरवतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या घरी सहा फेऱ्या ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्या बाळाचं वजन करतात, ताप बघतात, नाळ बघतात, अंगावर पिते का विचारतात. चांगलंच काम आहे ते. पण 'तुझं मन कसं आहे गं' हा प्रश्न पडलाच तर त्या ताईंच्या स्वभावामुळे पडतो.

आता सुरुवातीच्या रडण्याबद्दल. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त बायका रडवेल्या होतात. पान्हा फुटतो त्याच सुमाराला डोळेही वाहायला लागतात. नवऱ्याने चहा गार आणला तरी रडू, मोबाईलवर बाळाचा फोटो बघून तरी रडू, आणि पाच मिनिटांनी त्याच तोंडाने हसू. हा आजार नाही. शरीरातले हार्मोन दोन-चार दिवसांत धाडकन खाली येतात, वर झोप नाही, टाके दुखतायत, त्याचा हा परिणाम. साधारण दोन आठवड्यांत आपोआप विरतो. त्याला औषध नको, माणसं हवीत. तुमच्या बहिणीचे ते दिवस कधीच उलटले. पाच आठवडे झाले, आणि रडणं थांबून ती गप्प झाली. घरच्यांना वाटतं, चला, रडायची थांबली. मला मात्र त्या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते.

तुमच्या प्रश्नातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'बाळ झोपलं तरी तिला झोप नाही' हे आहे. बाळंतिणीला झोप मिळत नाही यात नवीन काही नाही. पण ठणठणीत बाळंतीण मिळेल तिथे झोपते. भिंतीला डोकं टेकून, जेवताना घास हातात धरून, पाजता पाजता. बाळ झोपलंय, दुसरं कुणी बघणारं आहे, खोलीत अंधार आहे, आणि तरी ती पंख्याकडे बघत पडलीये, असं रात्रीमागून रात्र होत असेल तर ते थकव्याच्या पलीकडचं आहे. 'बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?' एवढा एक प्रश्न घरातल्या कुणालाही विचारता येतो. 'तू उदास आहेस का?' यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो, कारण उदास आहे असं आपल्याकडची बाळंतीण सहसा म्हणतच नाही. ती म्हणते, डोकं जड वाटतं. छातीत धडधडतं. अंगातून वाफा निघतात. पाठ मोडून आलीये. दूध पुरत नाही. बाळाचं वजन नीट वाढत असतानाही 'दूध पुरत नाही' हे दिवसातून दहादा म्हणणारी बाई पुष्कळदा दुधाविषयी बोलतच नसते.

एक दृश्य सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. मे महिना, दुपारची ओपीडी. आजीच्या मांडीवर बाळ, शेजारी मुलगी, उन्हाळ्यातही कानाला घट्ट स्कार्फ. आजी सांगत होत्या की पाठदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो, त्यांनी इकडे पाठवलं. मध्येच बाळ रडायला लागलं. आजी, मामी, दारातला कंपाउंडर, सगळ्यांच्या माना बाळाकडे वळल्या. मुलीची वळली नाही. ती स्वतःच्या नखांकडे बघत होती. दुधाने ब्लाउज ओला झाला होता, तेही तिच्या गावी नव्हतं. पाठ खरंच दुखत होती तिची, ते खोटं नव्हतं. आजींना बाहेर पाठवलं, तेव्हा चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, "मॅडम, मला हे बाळ आवडत नाही. हे कुणाला सांगू?" एवढं बोलल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. चार महिन्यांनी तीच बाई बाळाला काजळ-तीट लावून आणि मला दाखवायला म्हणून त्याचे दात मोजत आली होती.

आईला बाळाविषयी काहीच न वाटणं हे या आजाराचं लक्षण आहे, जसं काविळीत डोळे पिवळे होतात तसं. तिला माया नाही असा त्याचा अर्थ काढू नका. तिने तो आधीच काढलेला असतो, आणि त्याची लाजही तिला पुरेशी वाटत असते.

हे किती जणींना होतं? २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. वीस हजारांवर बायका, आणि त्यांतल्या सुमारे २२ टक्के बाळंतिणींमध्ये डिप्रेशन. पाचात एक धरा. त्याआधी २००२ मध्ये गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तो मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात बायकांना गरोदरपणापासून पुढे सहा महिने विचारत गेले होते. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना आजार होता. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणींचं मन गरोदरपणातच बिनसलेलं होतं. आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त अजून आजारीच होत्या. 'आपोआप जाईल'वाल्यांना मी हा शेवटचा आकडा ऐकवते. गरिबी, नवऱ्याशी पटत नसणं, मारहाण, आणि मुलगी होणं, यांचा आजाराशी संबंध त्या अभ्यासात दिसला होता.

म्हणून विचारते, मुलगी झाली म्हटल्यावर दवाखान्यात कोण काय बोललं? पेढे आले की बर्फी, यावरून टोमणा बसला का? भेटायला कोण आलंच नाही? अशी वाक्यं ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात, बोलणारा विसरून जातो. तिला एकदा विचारून बघा.

आता आज रात्रीची गोष्ट.

'हिला तूच ठेव' हे ती सहज, थकून म्हणाली असेल. पण मी डॉक्टर म्हणून ते वाक्य तसंच सोडून देणार नाही. कधी कधी बाई बाळाची सोय लावत असते. तेव्हा आज ती एकटी असताना शेजारी बसा आणि विचारा. शब्द सुचणार नाहीत म्हणून देते: "तुला असं वाटतं का गं, की मी नसते तर बरं झालं असतं?" 'हो' म्हणाली तर पुढे: "काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं, ते ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेक जणींना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर तिला एक मिनिटही एकटी सोडू नका. फवारणीचं औषध, घरातल्या गोळ्या, रॉकेल कुलपात टाका, विहिरीकडे एकटी जाऊ देऊ नका, आणि सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

उत्तर 'नाही' आलं तरी हा आठवडा तिच्यासोबत खोलीत कुणीतरी झोपा.

याच जोडीला आणखी दोन चित्रं सांगते, कारण लोक त्यांची अदलाबदल करतात आणि त्यात नुकसान होतं. पहिलं, ज्याला जुनी माणसं बाळंतवेड म्हणायची. हजार बाळंतपणांत एखाद-दोन जणींना होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि अंगावर येतं ते एकदम. दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी दमलेली नाही. असंबद्ध बोलते, संशय घेते, तासातासाला बदलते, बाळ बदललंय म्हणते, कुणाचे तरी आवाज ऐकते. इथे बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोबत ताप असेल तर जास्तच घाई, कारण अंगातल्या जंतुसंसर्गानेही असं होतं. घरचे देवऋषीकडे जायचं म्हणतात तेव्हा मी वाद घालत बसत नाही. अंगारा लावा, दृष्ट काढा, पण गाडी दवाखान्याकडे वळवून मग. तिला उपाशी ठेवणं, कोंडणं, मारणं मात्र चालणार नाही.

दुसरं चित्र बरोबर उलट आहे आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. एक बाई होती, तिने घरातली विळी माळ्यावर टाकायला लावली होती. भाजी सासू चिरायची. गॅलरीचं दार ती बंद ठेवायची, बाळाला आंघोळ घालायला नकार द्यायची. सासूचं म्हणणं, कामाचा कंटाळा. खरं काय होतं? तिच्या डोळ्यांपुढे सारखं यायचं की आपल्या हातून बाळाला विळी लागतेय, बाळ गॅलरीतून सुटतंय. त्या विचाराने तिला घाम फुटायचा. मी राक्षसीण आहे, हे कुणाला कळलं तर बाळ काढून घेतील, म्हणून तोंड बंद. हे मनात घुसणारे विचार आहेत. ते नकोसे वाटतात, त्यांचीच भीती वाटते, म्हणून तर ती विळी लांब टाकते. अशा आईच्या हातून बाळाला इजा होण्याची शक्यता फारच कमी असते, आणि हे उपचारांनी बरं होतं. तुमची बहीण पाजून झालं की लगेच बाळ परत करते, त्यामागे असलं काही आहे का, हेही मी तिला विचारेन.

दवाखान्यात काय होईल ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. बहुतेक ठिकाणी १९८७ साली एडिंबऱ्यात तयार झालेली दहा प्रश्नांची यादी वापरतात. मराठीतही आहे. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देतेस का, असे साधे प्रश्न. दहावा प्रश्न जीवाला काही करून घेण्याविषयी. एकूण गुण ३०. तेरा किंवा वर गेले तर नीट तपासणी हवीच, पण गुण कमी आले म्हणून मी कुणाला परत पाठवत नाही. दहाव्याचं उत्तर मी वेगळंच बघते. मग रक्त: हिमोग्लोबिन, थायरॉइड, जमल्यास बी-१२. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींची थायरॉइडची ग्रंथीही बिघडते. या दोन्हींनी माणूस असाच मलूल होतो. तुमच्या आई 'अशक्तपणा आहे' म्हणत असतील तर त्या पूर्ण चुकीच्या नसतील, फक्त तो मोजून बघू या.

गोळ्यांचं. सौम्य आजार बोलून, झोप सावरून आणि घरातली कामं वाटून उतरतो. मध्यम-तीव्र असेल तर औषध लागतं. पाजणाऱ्या आईसाठी आम्ही बहुधा सर्ट्रालीन हे डिप्रेशनवरचं औषध निवडतो, ते दुधात फारच कमी उतरतं. दूध तोडल्याने उलट कित्येक जणी आणखी खचतात. कमी मात्रेपासून सुरू करतो, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होते, तेव्हा 'हे औषध मानवत नाही' म्हणून बंद करू नका. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावं लागतं. डॉक्टरांना एक नक्की सांगा: तिला किंवा घरात कुणाला पूर्वी कधी अति उत्साहाचे, न झोपता धावपळीचे, पैसे उधळण्याचे दिवस आले होते का? तसं असेल तर औषधाची निवड बदलते. आणि शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. त्याने आई गुंगते, बाळही गुंगू शकतं, आणि सवय लागते ती वेगळी.

समुपदेशनासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असं नाही. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि गरोदरपणातच डिप्रेशन असलेल्या बायकांकडे त्या घरी जात राहिल्या. २००८ साली त्याचा निकाल आला: सहा महिन्यांनी या बायकांत २३ टक्के आजारी राहिल्या, नुसत्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. म्हणजे नेमकं बोलणं शिकवता येतं.

तोवर घरी एवढं करा. रात्री सलग पाच तास ती झोपेल अशी सोय लावा. झोपण्याआधी पाजायचं, एक वेळचं दूध काढून स्वच्छ वाटीत झाकून ठेवायचं (खोलीत चार तास टिकतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी धरा), ते आई किंवा तुम्ही वाटी-चमच्याने पाजायचं, आणि बाळ दुसऱ्या खोलीत. दिवसाच्या दहा डुलक्यांपेक्षा ही एक झोप जास्त काम करते. पाहुणे दोन आठवडे बंद. 'आम्ही नाही का पोरं काढली' हे वाक्यही बंद. 'तुला काय कमी आहे' हेही. त्याऐवजी बाळाचे लंगोट मुकाट्याने धुऊन टाकले तरी चालेल.

कुठे न्यायचं? जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मनोविकार विभाग असतो. वैद्यकीय महाविद्यालयांत असतोच. खाजगी डॉक्टर परवडत असतील तर तेही चालेल. ओळखीचं कुणी नसेल तर जिथे सिझर झालं त्या डॉक्टरांना फोन करून 'तिला झोप नाही, बाळ घेत नाही' असं नेमकं सांगा. नुसतं 'टेन्शन घेते' म्हणालात तर टॉनिक मिळेल. भरती करायची वेळ आलीच, तर बाळ तोडतील ही भीती बाळगू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की तीन वर्षांखालचं मूल भरती असलेल्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २००९ पासून आई-बाळ एकत्र राहतील असा खास वॉर्ड आहे. आपल्याकडे तसे वॉर्ड गावोगावी असायला हवेत. नाहीत, हे मला बोचतं.

आणि सासर. खोटं सांगणार नाही, 'वेडी दिली' म्हणून मुलगी नांदवायला नकार देणारी घरं मी पाहिलीत. लपवून ठेवलं आणि सासरी गोळ्या सापडल्यावर त्याहून मोठा तमाशा झालेलाही पाहिलाय. तेव्हा आधी नवऱ्याला सांगा, तेही तिला विचारून. फोनवर नको, त्याला बोलवून घ्या आणि जमलं तर डॉक्टरांसमोर बसवा. 'मानसिक' शब्दाने सुरुवात करायची गरज नाही. 'बाळंतपणातला आजार आहे, पाचात एकीला होतो, औषधाने जातो, सहा महिने सांभाळायचं आहे', हे सगळं खरं आहे आणि पुरेसं आहे. त्याची आई, आत्या, वहिनी यांना किती सांगायचं ते त्या दोघांना ठरवू दे. तिच्या आजाराची माहिती डॉक्टर सहसा परस्पर कुणाला देऊ शकत नाहीत, तोही कायदाच आहे. नवऱ्याकडेही जरा बघा. नव्या बापांतही काही जण याच काळात खचतात, फक्त ते रडत नाहीत, चिडचिड करतात किंवा उशिरा घरी येतात.

जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि काढे पिशवीत टाका. निघायच्या आधी बाळाला पाजून घ्या. आणि बाळाला बाहेरच्या बाकावर घेऊन बसेल असं एक जास्तीचं माणूस सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना तिच्याशी दहा मिनिटं एकटीशी बोलता येईल.